बांध फोडणे आणि बळ वाढवणे

जपानच्या माझदा कंपनीने २०१८ साली आपल्या एमएक्स-५ या दोनच माणसे बसणाऱ्या, उघड्या टपाच्या छोट्या स्पोर्ट्स कारचे दोन लिटरचे इंजिन सुधारले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीत ते आधी १५५ अश्वशक्ती देत असे. सुधारल्यावर १८१ देऊ लागले. सिलिंडरांचे आकारमान तेवढेच राहिले. टर्बो किंवा सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून सिलिंडरात कोंबणारे यंत्र, बसवले नाही. इंजिन पूर्वीप्रमाणेच बाहेरची हवा आपल्या ओढीने घेत राहिले. मग जादा २६ अश्वशक्ती आली कुठून? ती इंजिनात आधीपासून होतीच, अडून राहिली होती आणि अडथळा काढताच मोकळी झाली, असे एक उत्तर देता येते. ती आधी नव्हतीच, कारागिरांनी नवी घडवली, हे दुसरे उत्तर. प्रश्न यंत्रशाळेतला दिसतो, पण भारतीय दर्शनांनी तो शतकानुशतके लढवला आहे. आणि आज प्रवचनांपासून व्यक्तिमत्त्व-विकासाच्या शिबिरांपर्यंत सगळीकडे त्याचे पहिलेच उत्तर गृहीत धरलेले असते: शक्ती तुमच्यात आहेच, फक्त अडथळे दूर करा. हे उत्तर कुठे खरे आहे आणि कुठे फसवे, हे छोट्या गाडीच्या इंजिनावर चांगले तपासता येते; कारण तिथे बळ मोजता येते आणि त्या बळापायी काय खर्ची पडले तेही मोजता येते.

सांख्यांचे म्हणणे असे की कार्य हे उत्पन्न होण्याआधीच कारणात असते. यालाच सत्कार्यवाद म्हणतात, आणि ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत त्याच्या बाजूने पाच कारणे दिली आहेत. त्यांतले एक आपल्या कामाचे आहे: समर्थ कारण जे करू शकते तेवढेच त्याच्याकडून होते, कशातूनही काहीही निपजत नाही. नैयायिक आणि वैशेषिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते पट तंतूंमध्ये आधी नसतो; तंतूंचा विशिष्ट संयोग घडला की पट नावाची नवी वस्तू जन्माला येते. सांख्यांची बाजू सर्वांत सुंदर रीतीने मांडली ती योगसूत्रांनी. कैवल्यपादाच्या तिसऱ्या सूत्रात पतंजली म्हणतात की निमित्त हे प्रकृतीला ढकलून पुढे नेत नाही; ते फक्त आवरण फोडते, शेतकरी फोडतो तसे. व्यासभाष्य याचा खुलासा करते: एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात न्यायचे असेल तर शेतकरी ते ओंजळीने वाहून नेत नाही, मधला बांध फोडतो आणि पाणी आपोआप उतरते. आपल्याकडे दारे धरणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. ‘सुप्त शक्ती’च्या सगळ्या आधुनिक शिकवणुकीचे मूळ, कळत-नकळत, या दृष्टान्ताशी जुळते.

इंजिनाकडे पाहिले तर हा दृष्टान्त सुरुवातीला विलक्षण चपखल बसतो. पेट्रोलच्या इंजिनाचे बळ शेवटी हवेवर अवलंबून असते. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि जादा पेट्रोल ओतणे सोपे असले तरी जादा हवा आत घेणे अवघड असते. कोंबणारे यंत्र नसेल तर सिलिंडरात हवा ढकलायला बाहेरच्या वातावरणाच्या दाबाशिवाय काहीच नसते. त्या हवेच्या वाटेत पावलोपावली अडसर असतात: फिल्टर, वाकड्यातिकड्या नळ्या, थ्रॉटलची झडप, व्हॉल्व्हचे अरुंद तोंड, आणि जळून झालेला वायू बाहेर पडताना मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर. १९८९ साली आलेल्या पहिल्या एमएक्स-५ च्या १.६ लिटर इंजिनात तर आत येणारी हवा मोजण्यासाठी तिच्याच प्रवाहात एक पाते टांगलेले होते. हवेने ते ढकलून उघडायचे आणि मग आत जायचे. असे अडसर कमी केले की सिलिंडर अधिक भरतो आणि बळ वाढते. इथे कारागीर बळ निर्माण करत नाही, वाट मोकळी करतो. सांख्यांचे दुसरे म्हणणेही इथे खरे ठरते: वाट कितीही मोकळी केली तरी दोन लिटरच्या इंजिनात एका फेरीमागे जाऊ शकणाऱ्या हवेला मर्यादा आहे, आणि ती ओलांडायला कारणच बदलावे लागते. जे कारणात नाही ते बाहेर येत नाही.

पण २०१८ च्या सुधारणेचा आकड्यांनिशी हिशेब मांडला की चित्र बदलते. आधीचे इंजिन आपले कमाल बळ मिनिटाला ६००० फेऱ्यांवर देत होते. नवे ते ७००० फेऱ्यांवर देते. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) आणि फेरे यांचा गुणाकार. उलटा भागाकार केला तर दोन्ही इंजिनांचा कमाल बळाच्या ठिकाणचा टॉर्क सारखाच निघतो: जवळपास १८४ न्यूटन-मीटर. म्हणजे त्या क्षणी प्रत्येक फेरीतली लोट जुनी तेवढीच. फेऱ्या मात्र मिनिटाला हजाराने अधिक. दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत साधारण दोन लिटर हवा घेते, म्हणजे ६००० फेऱ्यांना मिनिटाला सहा हजार लिटर आणि ७००० ला सात हजार. वाढलेले बळ हे मुख्यतः या एक हजार लिटरांचे आहे. आणि ते मिळवायला नुसती वाट रुंद करून भागले नाही. थ्रॉटलची वाट २८ टक्क्यांनी वाढवली आणि व्हॉल्व्ह मोठे केले, हे खरे. पण फेऱ्यांची मर्यादा ६८०० वरून ७५०० वर नेल्याने पिस्टनवर येणारा जडत्वाचा ताण सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो सोसवावा म्हणून प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलका करून नव्याने घडवावा लागला. हा हलका पिस्टन जुन्या पिस्टनमध्ये दडून बसला नव्हता. इथे नैयायिकाचे पारडे जड होते: नवी रचना झाली तेव्हा नवे कार्य झाले.

एवढ्यावर थांबले तर ‘थोडे मोकळे झाले, थोडे घडवले’ अशी तडजोड करून दोन्ही पक्षांना घरी पाठवता येईल. पण इंजिन याहून महत्त्वाची एक गोष्ट शिकवते, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे: ज्याला आपण अडथळा म्हणतो तो बहुतेक वेळा कोणाचे तरी काम करत असतो. हवा आत नेणारी नळी लांब असेल तर कमी फेऱ्यांना सिलिंडर चांगला भरतो, आखूड असेल तर जास्त फेऱ्यांना. दोन्हीकडे उत्तम अशी एकच लांबी नसते. कॅमशाफ्ट बदलून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवले तर वरच्या फेऱ्यांना बळ वाढते, पण खालच्या फेऱ्यांना आत आलेले मिश्रण उलटे फिरते, गाडी उभी असताना इंजिन थरथरते आणि शहरातल्या गर्दीत पिकअप मरतो. टोकाचे उदाहरण फॉर्म्युला वनचे. २००९ साली तिथल्या २.४ लिटरच्या इंजिनांना टर्बो नव्हता आणि तरी ती सुमारे ७५० अश्वशक्ती देत, कारण ती मिनिटाला १८,००० पर्यंत फिरत. त्याच वर्षीच्या नियमाने प्रत्येक चालकाला हंगामात आठ इंजिने वापरता येत. दोन लाख किलोमीटर चालणाऱ्या घरगुती इंजिनाचे ‘अडथळे’ कशासाठी होते, हे यावरून उमगते. पतंजलींचा शेतकरी बांध फोडतो तेव्हा पाणी आपोआप उतरते, हे खरे. पण वाफ्यात पाणी तेवढेच असते, आणि बांध आधी त्यानेच घातलेला असतो. फोडणे ही केवळ मुक्ती नव्हे. ती वाटणी आहे.

काही वाफे तर दुसऱ्याच्या मालकीचे असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर वायूची वाट मोकळी होते आणि थोडे बळ मिळते. त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मागून चालणाऱ्यांच्या छातीत जातात. सायलेन्सर मोकळा केला तर चालकाला जोम वाटतो आणि गल्लीतल्या आजाऱ्याची झोप मोडते. पुण्या-नागपुरात पोलिसांनी बदललेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम केले आहेत, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. त्यामागे नुसती सरकारी तक्रार नाही. ज्या अडसराचा त्रास आपल्याला होतो आणि लाभ दुसऱ्याला, तो आपल्या नजरेला निव्वळ अडसरच दिसतो. ‘स्वतःला रोखू नका’ हा उपदेश म्हणून नेहमी अपुरा असतो. रोखण्यामागे कोणाचे रक्षण होते हे त्यात विचारलेलेच नसते. योगशास्त्राला हे ठाऊक होते. ज्या ग्रंथात आवरण फोडण्याचा दृष्टान्त आहे त्याच ग्रंथाच्या साधनपादात त्याआधी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम येतात. ते पाचही बांध आहेत, आणि त्यांतले बरेचसे आपल्यापासून दुसऱ्याला वाचवणारे. साधनेचा क्रम आधी बांध घालायचा आणि मग कोणता फोडायचा ते ठरवायचे असा आहे. हल्लीचा उपदेश या क्रमातली पहिली पायरी गाळतो.

यावर तंत्रज्ञ पहिला आक्षेप घेईल: ही सगळी किंमत जुन्या, ठरावीक रचनेची आहे, चतुर रचना दोन्ही साधते. होंडाने १९८९ पासून व्हीटेक या पद्धतीत एकाच कॅमशाफ्टवर दोन वेगळ्या आकारांचे कॅम बसवले, एक संथ चालीसाठी आणि एक वेगासाठी, आणि फेरे वाढले की इंजिन आपणहून दुसऱ्यावर जाते. आक्षेप खरा आहे आणि त्याचे मोलही मोठे आहे. ज्ञानाने वाटणी सुधारते. बांध कायमचा फोडण्याऐवजी त्याला दार बसवता येते. पण दाराचीही किंमत असते: जादा भाग, जादा खर्च, अधिक बारीक देखभाल. आणि होंडाचाच पुढचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९९९ च्या एस२००० या छोट्या स्पोर्ट्स कारचे दोन लिटरचे इंजिन जपानमध्ये २५० अश्वशक्ती देत होते, लिटरमागे १२५, आणि त्याची सीमा ९००० फेऱ्यांची होती. टर्बोविना रस्त्यावरच्या गाडीत एवढे बळ काढणे हा पराक्रमच होता. तरी २००४ साली अमेरिकेतल्या गाडीसाठी होंडाने पिस्टनची चाल ८४ वरून ९०.७ मिलिमीटर केली, इंजिन सुमारे २.२ लिटरचे झाले आणि सीमा ८००० च्या आसपास खाली आली. कमाल अश्वशक्ती होती तिथेच राहिली. वाढला तो मधल्या, रोजच्या फेऱ्यांमधला टॉर्क. व्हीटेक असूनही खालचा वाफा कोरडा राहत होता, आणि त्याला पाणी द्यायला शिखरावरचे हजार फेरे सोडावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. बळ वाढवायचेच कशाला, वजन कमी करा, असे म्हणणारी एक परंपरा छोट्या स्पोर्ट्स कारच्या जगात आहे, आणि तिचे माहेर इंग्लंडच्या लोटस कंपनीत आहे. १९९६ ची लोटस एलिझ अवघ्या ११८ अश्वशक्तीची होती, पण तिचे वजन सुमारे ७२५ किलो होते. टनामागे हिशेब केला तर १६३ अश्वशक्ती पडते; १८१ अश्वशक्तीच्या, सुमारे १०६० किलोच्या एमएक्स-५ ला १७१. म्हणजे ६३ अश्वशक्ती कमी असूनही ती जवळपास बरोबरीला येते, शिवाय हलकी गाडी ब्रेकला आणि वळणालाही बरी. अपरिग्रहाचा इतका स्वच्छ पुरावा सहसा सापडत नाही. म्हणून हा मार्ग मोफत आहे, असे कोणी म्हणेल. तसा तो नाही. एलिझचे हलकेपण ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेल्या खास सांगाड्यातून आणि आराम, शांतता, सामानाची जागा यांच्या त्यागातून आले. तरीही हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळकटीच देतो. तो सांगतो की ‘अधिक बळ’ ही मागणी मूळ मागणी नव्हतीच. मूळ मागणी चपळतेची होती. आपल्याला खरोखर काय हवे आहे हे न विचारता शक्ती मागणारा माणूस चुकीच्या वाफ्याला पाणी लावतो.

तिसरा आक्षेप शुद्धतेचा आहे. टर्बो बाहेरून लादलेला, कृत्रिम. वातावरणाच्या दाबावर श्वास घेणारे इंजिनच सच्चे, असे त्याचे भक्त मानतात, आणि ‘आतून आलेली’ शक्ती ‘बाहेरून आलेल्या’पेक्षा पवित्र समजणारे साधकही पुष्कळ असतात. पण ही रेघ वाटते तितकी ठळक नाही. टर्बो फिरतो तो त्याच इंजिनाच्या वाया जाणाऱ्या गरम वायूवर. त्याची ताकदही ‘आतली’च. उलट टर्बो नसलेल्या इंजिनात नळ्यांची लांबी अचूक साधली तर हवेच्या स्वतःच्या लाटा सिलिंडरात धडकून तो त्याच्या आकारमानापेक्षाही अधिक भरू शकतात, म्हणजे हवाच हवेला कोंबते. तेव्हा टर्बो न बसवणे हे पावित्र्य नसून व्रत आहे. एक मर्यादा आपणहून स्वीकारायची आणि तिच्या आत कौशल्य किती दूर जाते ते पाहायचे. व्रताचे मोल शिस्तीत असते. न करणाऱ्याला अशुद्ध ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. इंजिन जड आहे, मनुष्य चेतन. जडाचा न्याय चेतनाला कसा लावणार? याचे पहिले उत्तर सांख्यांकडेच आहे. त्यांच्या दर्शनात बुद्धी, अहंकार आणि मन हेही प्रकृतीचेच विकार आहेत, म्हणजे जडच. चेतन तो फक्त पुरुष, आणि पुरुषाचे बळ वाढतही नाही, घटतही नाही. स्मरणशक्ती, धैर्य, एकाग्रता, वक्तृत्व, ज्या ज्या गोष्टी वाढवण्याची भाषा आपण करतो त्या सगळ्या प्रकृतीच्या प्रांतातल्या आहेत आणि तिथे इंजिनाचाच न्याय चालतो. दुसरे उत्तर अद्वैत्याकडून येते, आणि ते वादाचा निकाल लावते. आत्मा नित्यमुक्त आहे. ज्ञानाने फक्त अविद्या जाते, नवे काही घडत नाही, त्यामुळे तिथे काही गमावण्याचा प्रश्नच नाही, असे तो म्हणेल. हे मान्यच करायला हवे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात नेमके हेच दाखवले: कर्माचे फळ चार प्रकारचे असते, उत्पन्न करायचे, मिळवायचे, बदलायचे किंवा संस्कार करून सुधारायचे, मोक्ष यांपैकी एकही नाही. म्हणूनच केवळ आवरण दूर करण्याची भाषा मोक्षाला तंतोतंत लागू पडते. पण त्याच युक्तिवादाची दुसरी बाजू विसरली जाते. जे जे या चारांत बसते त्याला ती भाषा पुरत नाही. सामर्थ्य हे उत्पन्न होते, बदलते, संस्काराने वाढते. ते कर्माच्या राज्यातले आहे, आणि तिथे प्रत्येक फळामागे काहीतरी खर्ची पडलेले असते.

‘सुप्त शक्ती’च्या लोकप्रिय शिकवणुकीतला घोटाळा इथे आहे. मोक्षासाठी घडलेली भाषा ती परीक्षेच्या गुणांना, व्यवसायाच्या नफ्याला, शरीराच्या ताकदीला लावते, आणि ज्याच्यासाठी पैसे मोजावे लागतात त्याला फुकटचा ऐवज म्हणून विकते. परिणाम दुहेरी होतो. ज्याला यश येते तो आपल्या घरच्यांच्या, सहकाऱ्यांच्या आणि स्वतःच्या प्रकृतीच्या वाट्याचे काय गेले हे पाहत नाही, कारण त्याच्या समजुतीत काही गेलेलेच नसते. ज्याला येत नाही तो आणखी अडथळे शोधत बसतो आणि शेवटी स्वतःलाच दोष देतो. कदाचित त्याने ज्यांना अडथळे म्हटले ते त्याच्या आयुष्याचे आधार होते, ही शक्यता त्याला सुचतही नाही. प्रयत्न निरर्थक आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. पहिल्या एमएक्स-५ चे इंजिन मिश्रण ९.४ पट दाबत होते, आजचे १३ पट दाबते. आदर्श चक्राच्या गणिताने एवढ्यानेच कार्यक्षमता सुमारे आठ टक्क्यांनी सुधारते. ही प्रगती खरी आहे. पण ती नव्या धातूकामाने, इंधन थेट सिलिंडरात सोडण्याच्या नव्या रीतीने आणि तीस वर्षांच्या अभ्यासाने विकत घेतलेली आहे, कुठलेही झाकण उघडून मिळालेली नाही. आत्मज्ञानाने आत्म्यातले काही कमी होत नाही, असे वेदान्त्याने म्हणावे. त्याचा तो हक्क आहे. सामर्थ्य देणारा गुरू तसेच म्हणू लागला, तर त्याच्याकडे खर्चाची वही मागावी, आणि त्यात दुसऱ्यांच्या नावावर किती मांडले आहे ते आधी वाचावे.